कर्नलची कापडी कुई

ग्वालासेओ, ११ मार्च २००१

नुबे,

तुझा पत्ता आईने दिलेला नाही. ती बाजारात गेली असताना तिला आलेल्या पाकिटावरून मी उतरवून घेतला. तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव.

तुला जाऊन महिना झाला. मी दुकानात नोटरीसाहेबांच्या कोटाला बाही लावत बसलो होतो आणि तू मागच्या दाराने बॅग घेऊन बसस्टँडवर. कर्नल बारा वर्षांचा म्हातारा कुत्रा, तो तुला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेला, आणि बापाला खबर नाही. संध्याकाळी आई म्हणाली, "विमान सुटलं असेल एव्हाना." मी विचारलं, कुणाचं? त्यावर तिने नुसतं ताट वाढलं. एफ्रेन स्पेनला गेल्यापासून तू कधीतरी नवऱ्यामागे जाणार हे ठाऊक होतं. पण अशी?

आणि कशासाठी, तर चार ओळींसाठी. सोळा वर्षं आपल्या गल्लीच्या जुन्या वर्षाचं मृत्युपत्र मीच लिहितो. एकतीस डिसेंबरला भुशाचा बाहुला खुर्चीत बसवायचा, त्याला मरायला टेकवायचं, आणि जाळण्याआधी त्याच्या तोंडून प्रत्येकाला काही ना काही ठेवून जायचं. यंदा पाद्रीबाबांना घड्याळ ठेवलं, कारण त्यांची प्रार्थना कधी वेळेवर सुरू झालेली नाही. दोन्या इसाउराला तिच्याच भट्टीतला पाव ठेवला, आतल्या खड्यासकट. पाद्रीबाबा पोट धरून हसले. इसाउराने तर दुसऱ्या दिवशी गरम पाव पाठवले. तुझ्या वाट्याला कर्नलचं खेळणं आलं, तर तू देश सोडलास! परक्यांना थट्टा कळते आणि शिंप्याच्या पोरीला कळत नाही.

असो. कर्नल मजेत आहे. ती हरवलेली कापडी कुई सापडली, पुन्हा तोंडात घेऊन फिरतो. तू ती माझ्या उरल्यासुरल्या तपकिरी कापडाची कशाला शिवलीस आणि कुत्र्याला का दिलीस, हे मला आजवर कळलेलं नाही. चुलीमागे खऱ्या कुया चीं चीं करत पळतात, सणाला त्यांना भाजून खाताना हा हाडासाठी जीव टाकतो, आणि या शेपूट नसलेल्या कापडी उंदराला मात्र दात लावत नाही. जेवायला दिलं की आधी कुईला ताटलीत ठेवतो, तोंड खुपसून तिला भात लावतो, थांबतो, मग स्वतः जेवतो. पाहुणे आले की तिला उचलून भिंतीकडे तोंड करून बसतो. दुपारी परसातल्या पीचच्या झाडाखाली नेऊन ठेवतो आणि नाकाने माती ढकलतो. माती नसतेच तिथे, फरशी आहे. तरी ढकलतो, नाक सोलवटेपर्यंत. आणि तिला तोंडात धरून चालताना सतत बारीक कण्हतो. नर कुत्रा आहे, पण बाळंतिणीची सगळी लक्षणं. सांग बरं, याच्यावर कविता करू नको तर कशावर करू?

उजव्या पुढच्या पायाने जरा लंगडतो. काच लागली असेल.

पीचचा मेळा झाला. गावातली झाडं फळांनी वाकलीत, आपलं मात्र यंदाही वांझ. पाऊस संपला की तोडतो.

आणि हो, माझा निळा डबा, बिस्किटांचा, ज्यात शिंगाची बटणं ठेवायचो, तो ऑक्टोबरपासून सापडत नाही. तू नेलास का? नेला असशील तरी सांग, मी काही म्हणणार नाही.

तुझा बाप,
लेओनिदास

ग्वालासेओ, १३ एप्रिल २००१, गुड फ्रायडे

नुबे,

आईने बारा धान्यांचं फानेस्का केलं. चार वाट्या मांडल्या, मग दोन उचलून ठेवल्या. आम्ही दोघं जेवलो. एकमेकांशी बोललो ते मिठाबद्दल.

तुझं उत्तर नाही. नको देऊस. पण मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं, ते आजच्या दिवशी पोटात ठेवून वाटी संपेना, म्हणून लिहितो.

कुई जळली.

मृत्युपत्र वाचताना लोकांना समोर दिसावी म्हणून मी ती बाहुल्याच्या मांडीवर ठेवली होती. वाचून झाल्यावर काढायची राहिली. राहिली म्हणजे, मला आठवण होती, पण लोक अजून तिच्याकडे बोट दाखवून हसत होते आणि मला ते बरं वाटत होतं. बाहुला पेटवला तेव्हा कर्नलला पाण्याच्या टाकीला बांधलं होतं. त्याने दोरी चावून तोडली आणि तो सरळ जाळात गेला. गल्लीतल्या सेर्वियोने त्याला शेपटीला धरून ओढला. पायाला काच लागलेली नाही, पोळलाय तो. तू तेव्हा घरात होतीस. मी आईला म्हणालो, फटाका उडाला पायावर; आणि तुला म्हणालो, कुई त्याने कुठेतरी लपवली असेल.

म्हणजे आणखी खोटं. मोजत बसलो तर बरीच निघतील.

तू गेल्यावर मी नवीन कुई शिवली. नोटरीसाहेबांच्या कोटाचा तसाच तपकिरी तुकडा होता. आत भुसा भरला. कर्नलने हुंगली, उचलली, झाडाखाली नेली, नाकाने ती नसलेली माती ढकलली, आणि निघून आला. परत तिच्याकडे बघितलं नाही. जुनीला तो रोज संध्याकाळी घरात परत आणायचा. मी म्हटलं, भुसा आवडला नसेल. दुसरीत मेंढीची लोकर भरली. तेच. तिसरी तुझ्या जुन्या शालीत गुंडाळून आठवडाभर ठेवली. तेच. आता झाडाखाली तीन कुया ओळीने पडल्यात आणि कुत्रा उंबऱ्यावर.

सगळ्या गल्लीला मत आहे. इसाउरा म्हणते, "मास्तर, तुमच्या हाताला तंबाखूचा वास, कुत्रं काय करील?" सेर्वियो म्हणतो, "त्याला कळतं हो, फॅशन जुनी झाली." मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची नाराजी बघितलीय, पण असं गिऱ्हाईक नाही बघितलं. माप बरोबर, कापड बरोबर, शिलाई बरोबर, आणि कपडा परत.

तिसरी कुई नेऊन ठेवली तेव्हा तुझी आई खिडकीतून बघत होती. मी विचारलं, "तारखेलिया, याला नक्की हवंय तरी काय?" ती म्हणाली, "तुम्ही शिवत राहा." आणि आत गेली.

कुई जळली याचं मला वाईट वाटतं. हे तरी खरं मान.

लेओनिदास

ग्वालासेओ, १९ ऑगस्ट २००१

नुबे, पोरी,

आईने सांगितलं.

कसं सांगितलं ते लिहितो, म्हणजे तिने तुझा शब्द मोडला असं तुला वाटायला नको. मे महिनाभर पाऊस पडला आणि कर्नल त्या झाडाखालून हलेना. खोकायला लागला. मी कुंपण घातलं, तो खालून सरपटत आत शिरला. आता वारे सुटले, जमीन वाळली, म्हटलं झाडच काढून टाकू. ना फळ ना सावली. कुऱ्हाड घेऊन गेलो. पहिला घाव घालणार तोच तारखेलिया पिठाच्या हातांनी धावत आली आणि खोडाला पाठ लावून उभी राहिली. चाळीस वर्षांत तिने माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता.

म्हणाली, "लेओनिदास, तुमचा निळा डबा शोधताय ना? तो इथे आहे. तुमच्या पायाखाली."

मला काही कळेना. मी म्हणालो, "बटणं इथे कुणी पुरली?"

तेव्हा तिने सांगितलं. मी ऑक्टोबरात कुएंकाला शाळेच्या वाद्यपथकाचे गणवेश शिवायला दोन आठवडे गेलो होतो तेव्हाचं. एफ्रेन जाण्याआधी राहिलेलं तुझं बाळ, चौथ्या महिन्यात गेलं ते. घरात दुसरा डबा नव्हता. तुम्ही दोघींनी फरशी उचलली, खणलं, परत फरशी बसवली, आणि कर्नल शेजारी बसून बघत होता. कुई तू बाळासाठी शिवली होतीस. ती डब्यात ठेवायला तुझा हात होईना. रात्री कर्नलने ती तुझ्या उशीजवळून उचलली आणि तू त्याला अडवलं नाहीस.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? आई म्हणाली, "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. आधीच्या वेळी सांगितलं होतं, तर आठ दिवसांत इसाउराच्या भट्टीवर पोचलं होतं. नुबे म्हणाली, या वेळी पाचवा महिना लागला की सांगू."

आधीच्या वेळी. मी तेही विसरलो होतो, नुबे. तुला काय वाटेल ते वाट, पण मी विसरलो होतो.

त्या चार ओळी मी इथे पुन्हा लिहितो. मला लिहायच्या नाहीत, म्हणूनच लिहितो.

नुबे माझी लेक, तिचा नवरा समुद्रापार,
सहा वर्षं पाळण्यात जळमटांचा संसार.
तिला देतो कर्नलची ही कापडाची कुई,
नातू नाही झाला, हिलाच गाऊ दे अंगाई.

दोन दिवस घासून लिहिल्या होत्या. 'कुई'ला 'अंगाई' सापडलं तेव्हा मी दुकानात एकटाच टाळी वाजवली होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असंही म्हणता येत नाही, कारण मी विचार करून लिहिलं. सगळा विचार यमकाचा.

तू मक्याचं पातेलं घेऊन दारात उभी होतीस. लोक तुझ्याकडे वळले तेव्हा तू हसलीस. ते हसणं मला आता रोज दिसतं. मी वरून ओरडलो होतो, "बघा, मलाच मिळाली अशी खिलाडू पोरगी!"

पहिल्या पत्रात झाडाला मी जो शब्द वापरला, तो वाचून तू पत्र तिथेच टाकलं असशील. बरोबर केलंस.

बटणं सापडली. आईने ती कॉफीच्या बरणीत भरून फळीवर मागे ठेवली होती, डझनाडझनाच्या पुड्या करून. एका पुडीत दहाच आहेत. मी कुणाला विचारलं नाही.

कुऱ्हाड सेर्वियोला देऊन टाकली. तीन कुया मी उचलणार होतो. आई म्हणाली, "राहू द्या. त्या त्याने ठेवल्यात."

माफी मागण्यासाठी बसलो होतो. पण तो शब्द लिहिला की मी तो चांगला दिसतो का ते बघतो. इतका वाईट आहे माझा हात. म्हणून नाही लिहीत.

बाबा

ग्वालासेओ, २ नोव्हेंबर २००१

नुबे,

मृतांचा दिवस. आईने प्यायला मक्याच्या पिठाची दाट जांभळी कोलादा केली, इसाउराकडून पावाची बाळं आणली. दरवर्षी आणतो, साखरेचे डोळे, साखरेचं दुपटं, आणि पहिल्यांदा डोकं कोण खाणार म्हणून तू आणि मी भांडायचो. यंदा आईने त्यातलं सगळ्यात लहान उचललं आणि झाडाखाली ठेवलं. मी लांब उभा होतो. मला बोलावलं नव्हतं.

कर्नल आला. भुकेला होता, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याने पाव हुंगला, चाटला नाही. शेजारी बसला. मुंग्या आल्या तेव्हा मुंग्यांवर गुरगुरला. आई हसली आणि मग तिला रडू आलं, आणि मी जवळ गेलो तर तिने मला ढकललं नाही. एवढंच झालं, पण तुला सांगावंसं वाटलं.

आता मुद्द्याचं. काल गल्लीतली माणसं दुकानात आली. सेर्वियो पुढे. तो दरवर्षीप्रमाणे काळा झगा घालून जुन्या वर्षाची विधवा होणार, म्हणून मापं द्यायला आला होता. "मास्तर, छातीला जरा जास्त सोडा, यंदा नारळ मोठे आणलेत." मग म्हणाला, "मृत्युपत्र कुठवर आलं?" मी म्हणालो, यंदा नाही, यापुढेही नाही. दुसरा कुणीतरी बघा. ते गेले.

मला वाटलं तुझी आई खूश होईल. ती म्हणाली, "वा. म्हणजे भर गल्लीत बोलायचं आणि माफी पोस्टाने पाठवायची."

"मग काय करू?"

"जिथे थुंकलात तिथेच पुसा."

मी म्हणालो, "पुसायला गेलो तर काय पुसतोय ते सांगावं लागेल. ते गुपित माझं नाही."

ती कणीस सोलत राहिली.

म्हणून तुला विचारतो, पोरी. त्याच जागी उभा राहून मी खरं काय ते सांगू का? सांग म्हणालीस तर सगळं सांगेन, माझी लाज राखणार नाही. सांगू नका म्हणालीस तर तोंड शिवून घेईन, सुई माझ्याकडेच आहे. पण हो की नाही ते मला तुझ्याकडून हवं. मी माझं ठरवलं तर पुन्हा चुकेन. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, आणि माझी जीभ त्याहून वाकडी.

कर्नल थकलाय. जिना चढत नाही. अजून दुपारी झाडाखाली जातो, तोंडात काही नसतं, तरी तोंड अर्धवट उघडं धरून, जपून. आणि कण्हतो.

एफ्रेनला आशीर्वाद.

बाबा

ग्वालासेओ, २७ डिसेंबर २००१

नुबे,

पार्सल पोचलं.

पार्सलवाली दारात उभी राहून म्हणाली, "श्रीमान कर्नल इथेच राहतात का? सही त्यांचीच लागेल."

मी म्हणालो, "ते पलंगाखाली आहेत."

"मग ओळखपत्र दाखवा."

आईने कर्नलला हाक मारली. तो येऊन पार्सलवालीच्या बुटावर बसला. तिने मान्य केलं. सही मी केली, त्यांच्या वतीने.

पाकिटावर तुझं अक्षर. माझं नाव नाही, आईचंही नाही. आत चिठ्ठी असेल म्हणून मी कागद दोनदा उलटा केला. चिठ्ठी नव्हती. कुई होती, निळ्या चौकड्यांची. आई म्हणाली हे म्हाताऱ्यांकडे काम करताना घालतात त्या एप्रनचं कापड. तुरपाईचे टाके डावीकडे झुकलेले. तू दहा वर्षांची असताना मी तुझा डावा हात खुर्चीला बांधून तुला उजव्याने शिवायला लावायचो. बरं झालं, ऐकलं नाहीस. आणि डोळे शिंगाच्या बटणांचे. मी ती बटणं हातात घेऊन बसलो. आईने कुई माझ्याकडून काढून घेतली. म्हणाली, "तुमच्या नावाने आलेली नाही."

कर्नलने हुंगलं. शिंकला. निघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच मिनिटांनी परत आला, पुन्हा हुंगलं, बराच वेळ, बटणांपासून शिवणीपर्यंत. मग उचलली. दात न लावता, पूर्वीसारखी. आणि ते कण्हणं सुरू झालं. घरभर फिरला, तुझ्या खोलीत गेला, ताटलीत ठेवून तिला भात लावला, मग झाडाखाली नेली. नाकाने ढकललं, ढकललं. माझ्या तीन कुयांकडे बघितलंसुद्धा नाही.

आम्ही दोघं परसात वाट बघत बसलो. संध्याकाळ झाली. आई म्हणाली, "बघू आता." कर्नल उठला, कुई उचलली आणि घरात घेऊन आला. माझ्या शेजारून गेला. मी हात पुढे केला होता. थांबला नाही.

मी आईला विचारलं, "याचा अर्थ काय? हो की नाही?"

तिने वातीची काजळी झाडली. मग म्हणाली, "त्याला का पाठवली ते कळत नाही का तुम्हाला? त्याने सगळं बघितलं होतं. अडीच महिने तोंडात धरून फिरला, दात लागू दिला नाही. तुम्ही एकदाच तोंडात घेतलंत."

मग तिने दिवा लावला आणि मी दुकानात जाऊन कागद काढला.

बाबा

ग्वालासेओ, २ जानेवारी २००२

नुबे,

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. आईला वाचून दाखवलंय, तिने एक गोष्ट खोडायला लावली, बाकी खरं आहे म्हणाली.

बाहुला मी स्वतः केला. माझा तपकिरी कोट, गळ्यात माझी टेप, डोळ्यांवर माझा जुना चष्मा. लोक लांबूनच ओळखून हसले. "अरे, मास्तर स्वतःलाच जाळतायत!" संध्याकाळी पाचला सगळे जमले, गल्ल्यांच्या स्पर्धेचं परीक्षक मंडळ आलं, सेर्वियो नारळ सावरत बाहुल्याच्या गळ्यात पडून रडायला लागला. "अहो, मला कुणाच्या भरवशावर सोडून चाललात हो!" पोटं धरून हसत होते सगळे. बाहुल्याची मांडी रिकामी होती. कर्नल परसात होता, त्याची वस्तू त्याच्याजवळ.

मी शेजारच्या खुर्चीवर चढलो. वाचलं ते हे.

"मी, सन दोन हजार एक, धंद्याने शिंपी, मरायला टेकलोय पण शुद्धीवर आहे. गेल्या वर्षी इथूनच मी माझ्या मुलीची थट्टा केली. ज्यातलं मला काही माहीत नव्हतं त्यावर हसलो आणि तुम्हाला हसवलं. ते काय होतं हे मी सांगणार नाही, ते माझं नाही. कुणी तारखेलियालाही विचारू नये. त्या चार ओळी मी परत घेतो. तुम्ही हसलात त्याचा दोष तुम्हाला नाही, हसवायला मी उभा होतो. माझ्या मुलीला ठेवून जायला माझ्याकडे काही नाही. संपलं."

कुणी हललं नाही. मला आधी कळेना की हे असे का बघतायत. मग कळलं, यमकाची वाट बघत होते. सोळा वर्षांची सवय. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पुढची ओळ?" दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

सेर्वियो खाली तसाच उभा, काळी जाळी तोंडावर, एक नारळ घसरलेला. दर कलमाला त्याने गळा काढायचा असतो. त्याने वर बघून अगदी बारीक आवाजात विचारलं, "मास्तर, आता रडू की नको?"

मी म्हणालो, "रड."

पण त्याला जमेना. त्याने जाळी वर केली, घसरलेला नारळ काढून हातात घेतला, आणि मला हात देऊन खुर्चीवरून खाली उतरवलं. परीक्षकांनी वहीत काहीच लिहिलं नाही. बक्षीस वरच्या गल्लीला गेलं. दोन्या इसाउरा सगळे पांगल्यावर दारात आली, गरम पाव आईच्या हातात दिला, मला म्हणाली, "यात खडा नाही, मास्तर," आणि गेली. काय झालं होतं ते तिने विचारलं नाही. इसाउराने, नुबे! तिने विचारलं नाही.

बाहुला कधी पेटवला ते मी बघितलं नाही. आई सांगते, कोट चांगला जळला.

बैल गेला आणि झोपा केला, हे मला कळतं. तू तिकडे परक्या म्हातारीचे पाय चेपतेस आणि मी इथे खुर्चीवर चढून शहाणा होतो. याने काही परत येत नाही. झाडाखाली जे आहे ते तिथेच आहे. काल मी पहिल्यांदा तिथे बसलो, आईने या म्हटल्यावर. फरशी गार होती. कर्नल आला, कुई ठेवली, नाकाने ढकलायला लागला. वर्षभर हा वेडेपणा म्हणून मी लोकांना नक्कल करून दाखवलाय. काल बघितलं तर तो इतकं हळू ढकलत होता की कुईचं टोकही हलत नव्हतं. थकला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मग मी हात पुढे करून, जिथे तो ढकलत होता तिथेच, तसंच केलं. माती नव्हतीच. त्याने मला करू दिलं.

तू उत्तर पाठवू नकोस असं लिहिणार होतो, मोठेपणा दाखवायला. ते खोटं झालं असतं. पाठव. माझ्या नावाने लिहायला हात होत नसेल तर लिहू नकोस. कर्नलच्या नावाने पाठव. त्याला आता कमी दिसतं, मी त्याला वाचून दाखवीन, आणि कुणाला सांगणार नाही.

बाबा